तेवीस तासांचं टोपडं

लीनाची रिक्षा दारात थांबली तेव्हा भागूबाई गहू निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. कशाला करावी? महिन्यापूर्वी याच लीनाच्या घराने तिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितलं होतं. आता त्याच घरची सून भर दुपारी, पोर पोटाशी धरून, तिच्या दारात उभी होती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते खरंच आहे. पण कधीकधी वैद्य मरत नाही, घरी गहू निवडत बसतो, आणि गरज रिक्षा करून पुन्हा येते.

“मावशी, आत येऊ?”

“या की. दार भाड्याचं हाय, कुनाला बी उघडंच ऱ्हातं.”

लीना आत येऊन सतरंजीवर टेकली. भागूबाईच्या सुनेने, आरतीने, पाण्याचा तांब्या पुढे केला तर लीनाने तो गटागटा संपवला. सहा महिन्यांचा ओम मांडीवर झोपला होता. डोक्यावर निळं टोपडं होतं आणि तोंड नेहमीसारखं उजवीकडे होतं. भागूबाईने एकदाच तिकडे पाहिलं आणि पुन्हा सुपातला खडा शोधू लागली.

नगरच्या केडगावात ती अठरा वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत होती. मूळची पाथर्डीकडची. लग्नानंतर दहा हंगाम नवऱ्याबरोबर श्रीगोंद्याच्या फडात ऊस तोडला, आणि तिथेच, पाचटाने शाकारलेल्या कोपीत, सासूने, लंकाबाईने, तिच्या लांब केलेल्या पायांवर न्हाऊ घालायला पहिलं पोर ठेवलं. “डोळ्यानं बघितलेलं मानूस इसरतं, हाताला कळलेलं इसरत न्हाई,” लंकाबाई म्हणायची. त्यानंतर किती डोकी त्या हातांखालून गेली हे भागूबाईलाही सांगता आलं नसतं.

ओमचं डोकं मागून उजवीकडे बसलंय हे घरच्यांच्या लक्षात आलं ते चौथा महिना सरून गेल्यावर. तोवर दाट जावळाने आणि टोपड्याने सगळं झाकून ठेवलं होतं. लीनाची सासू सुरेखाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं, आणि ते लगेच लागायचं. सोसायटीच्या फाटकात चार बायकांदेखत त्यांनी सांगून टाकलं, “चोळून चोळून पोराचं डोकं चपटं केलं हिनं.” आठवड्याच्या आत भागूबाईची आणखी तीन घरं बंद झाली. त्यातल्या एका घरी नऊ दिवसांचं पोर होतं, अजून नाळही सुकली नव्हती त्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं भागूबाई तेव्हापासून येईल-जाईल त्याला सांगत होती.

“मावशी, आईंचं बोलणं तुम्हाला लागलंय, मला माहीत आहे,” लीना म्हणाली. “पण आज मी दुसऱ्याच कामाला आलेय. पुण्याला याच्यासाठी हेल्मेट बनवायला गेलो होतो. डोकं जिथं बसलंय तिथं आतून मोकळी जागा सोडतात, म्हणजे वाढताना डोकं तिकडे भरत जातं. माप झालं. रंग निवडा म्हणाले. आणि मग तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, थांबा.”

“का?”

“त्यांच्या बोटाला याच्या कानामागे हाड जरा उंच लागलं. कवटीची हाडं वेळेआधीच एकमेकांना जुळली असतील तर हेल्मेटचा काही उपयोग नाही. मग भूल देऊन स्कॅन करायचा. आणि तसंच निघालं तर ऑपरेशन.” तिने पोराचं टोपडं उगीचच सारखं केलं. “त्यांनी एवढंच विचारलं, जन्मला तेव्हा डोकं कसं होतं? जन्मापासून असं असेल तर स्कॅन. नंतर झालं असेल तर बहुतेक हेल्मेटवर भागेल. आणि मावशी, आम्हाला ते माहीतच नाही.”

तिने मोबाईल पुढे केला आणि बोटाने फोटो सरकवत गेली. पहिल्या दिवशी दवाखान्यातली पांढरी टोपी. मग बारशाचं जरीचं टोपडं, मग कुंची, मग लोकरीची माकडटोपी. शेकड्याने फोटो, आणि एकातही पोराचं डोकं उघडं नाही. नजर लागते म्हणून आंघोळीचे फोटो सुरेखाबाईंनी काढू दिले नव्हते.

“मी आई आहे, मी पाहिलं नसेल का? पण सिझरचे टाके, वर ताप, आणि याचे केस हे एवढे. खरंच आठवत नाही. आई म्हणतात, मालिशनं झालं. राजस म्हणतो, जन्मापासूनच असणार. दोघंही अंदाजच करतात. उघडं डोकं रोज पाहिलंय ते फक्त तुम्ही.”

भागूबाईचे हात सुपात थांबले. मागे स्वयंपाकाच्या ओट्याशी आरतीच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

“उद्या सकाळी डॉक्टरांनी बोलावलंय. आंघोळ घालणाऱ्या बाईंना घेऊन या म्हणाल्या. याल?”

“येते,” भागूबाई म्हणाली. पण डोकं कसं होतं ते तिने सांगितलं नाही. लीनानेही पुन्हा विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते तेव्हा माणूस एक दिवस उसना घेतो.

आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भागूबाईला सगळं आठवत होतं. ओम घरी आल्यावरची पहिली आंघोळ, सुरेखाबाईंचं न्हाणीघर, कोपऱ्यात धुरीची वाटी. पोराचं डोकं तिच्या दोन्ही तळहातांत सारखं मावलं होतं, मागून भरलेलं, सोललेल्या नारळासारखं गोल. काही म्हणता काही खोट नव्हती. सहाव्या आठवड्यात मात्र पोर डावीकडे मान वळवेना. उताणं घेतलं की उजवीकडेच बघायचं. डाव्या बाजूला मानेत तिच्या बोटाला शेंगदाण्याएवढी गाठ लागली. तिने तिथे रोज चार बोटं तेल जास्त जिरवलं. पुढे गाठ विरघळली, मान मात्र तशीच राहिली, आणि एकाच बाजूला निजून निजून डोकं हळूहळू बसत गेलं. हे तिच्या हाताला कळत होतं आणि ती गप्प होती.

गप्प का? तर दोन वर्षांपूर्वी सावेडीतल्या एका घरी ती बोलली होती. पोरीचा पाय फाकवताना खुब्यात खटका वाजतो, डॉक्टरला दाखवा, असं तिने बाळंतिणीला सांगितलं, आणि पोरीच्या आजीने घर डोक्यावर घेतलं. माझ्या नातीला लंगडी म्हणते! दुसऱ्या दिवसापासून ते घर गेलं. हात दाखवून अवलक्षण. त्यात सुरेखाबाईंनी पहिल्याच दिवशी दारात बजावलं होतं की सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कुणी वाईटवंगाळ बोलायचं नाही. भागूबाईने ते सोयीने सव्वा महिन्याच्या पुढेही पाळलं.

म्हणजे फाटकातला आरोप खोटा होता, पण अगदी निर्दोष तीही नव्हती. आणि आता लीनाने, स्वतःला कळत नसताना, तिच्या हातात सुटकेची किल्ली ठेवली होती. ‘जन्मापासूनच होतं’ एवढे दोन शब्द. मग ना मालिशचा दोष, ना गप्प बसण्याचा.

संध्याकाळी भाकऱ्या करताना आरतीने विषय काढलाच. “आत्याबाई, देवानं घास तोंडाशी आनून दिलाय. जन्मापास्नंच हुतं म्हना, झालं. त्या मास्तरीनबाईसमोर म्हना. डाग धुऊन निघंल.”

“आन् पोराचं?”

“पोराला मशीन हाय की! तुमच्या बोलन्यानं कुनी कवटी उघडनार न्हाई. डोक्याचा फोटू निघंल, खरं काय ते मशीनच सांगंल. तुमी काय त्याचा जीव घेताय व्हय?”

“भूल देनार हायेत त्याला.”

“डागदर देनार हायेत, कसाई न्हाई. आन् त्या बयेनं तुमाला भूल न देताच चिरलं की भर फाटकात!”

आरतीचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं, हीच पंचाईत होती. ती काही दुष्टपणाने बोलत नव्हती. महिनाभर सासूला अर्धा दिवस रिकाम्या हातांनी घरात फिरताना तिनेच पाहिलं होतं. आणि खरंच, एवढ्याशा खोट्याने काय बिघडणार? भागूबाई विचार करत राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली. ती तिने आपल्याच ताटात घेतली.

सकाळी सात वाजता गाडी आली. लीनाचा नवरा राजस चालवत होता, शेजारी सुरेखाबाई. भागूबाईने केलेल्या नमस्काराला सुरेखाबाईंनी उपचारापुरती मान हलवली. मागे लीना, तिच्या कुशीत ओम, आणि दाराला चिकटून भागूबाई. पाय कुठे ठेवावेत तेही तिला कळत नव्हतं.

गाडी शिरूरला पोचली. मग राजसने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “मावशी, एक विनंती आहे. अंदाजानं काही सांगू नका. स्कॅनची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. हेल्मेट घालायचं तर याच महिन्यात घालायला हवं, पुढे हाडं घट्ट होतात. तुमच्या एका शब्दावर ठरणार आहे.”

“राजस, तिच्या शब्दावर कशाला ठरेल?” सुरेखाबाई समोर बघतच म्हणाल्या. “डॉक्टर आहेत ना.”

भागूबाईने बोटांवर दिवस मोजले. तीन आठवडे. हे आरतीला माहीत नव्हतं. मशीन खरं सांगेल, पण तीन आठवड्यांनी सांगेल, आणि तोवर पोराचे दिवस जातील. म्हणजे ते खोटं एवढंसं नव्हतं.

शिक्रापूरच्या अलीकडे ओमने रडायला सुरुवात केली ती थांबेना. लीनाने पाजून पाहिलं, खुळखुळा वाजवून पाहिला, शेवटी काही न बोलता पोर भागूबाईच्या हातात दिलं. सुरेखाबाईंनी गर्रकन मागे वळून तिच्या हातांकडे पाहिलं. भागूबाईने पोर पालथं खांद्यावर घेतलं आणि टोपड्याच्या खाली हात सरकवला. महिन्याने तो हात त्या डोक्यावर गेला होता. पोर दोन उचक्या देऊन गप्प झालं.

तिचं बोट उजव्या कानामागे गेलं आणि तिथे हाड उंच लागलं.

म्हणजे डॉक्टरीणबाईंना लागलं ते खरं होतं? की हे पहिल्यापासून होतं आणि आपल्यालाच कळलं नव्हतं? नारळासारखं गोल डोकं, ते आपल्या हाताने पाहिलं होतं की नुसतं मनाने? अठरा वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या हाताचा भरवसा वाटेना. तिने घाबरत बोट दुसऱ्या कानामागे नेलं. तिथेही तेवढंच उंच हाड होतं. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. दोन्हीकडे सारखंच. एका बाजूचं डोकं बसल्यामुळे तिथलं हाड वर आल्यासारखं वाटत होतं, एवढंच. तिने डोळे मिटले. गाडी वाघोलीच्या गर्दीत शिरली तरी ती त्या एकाच जागेवरून बोट फिरवत होती.

दवाखान्यात टेबलावर दोन हेल्मेटं नमुन्याला मांडलेली होती. एक जाड, गडद निळं, त्यावर रॉकेटची चित्रं. दुसरं पांढरं, पातळ, डोक्याच्या वर मोकळं. डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई होत्या. त्यांनी भागूबाईला खुर्ची दिली. ती काठावर टेकली.

“या मालिश करत होत्या,” सुरेखाबाईंनी ओळख करून दिली. “फार जोरात चोळायच्या. मला तर तेव्हापासूनच शंका होती.”

“मालिशनं डोकं असं होत नाही हो,” डॉक्टर कागद चाळत सहज म्हणाल्या. “तो गैरसमज आहे. दिवसातून दहा मिनिटांच्या हातानं काही होत नाही, वीस तासांच्या झोपेनं होतं.”

सुरेखाबाईंच्या मानेवर लाली चढली. भागूबाई डॉक्टरकडे बघतच राहिली. महिनाभर जे ओझं घेऊन ती वावरत होती ते या बाईने, कागदावरून मानही वर न करता, उचलून बाजूला ठेवलं होतं. आता खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं तर, काहीच बोलायची गरज नव्हती.

“आता मला सांगा,” डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. “तुम्ही पहिली आंघोळ घातली तेव्हा डोकं कसं होतं?”

लीनाने राजसचा हात धरला.

“गोल हुतं,” भागूबाई म्हणाली. “दोनी बाजूनं सारखं. नंतर बसलं.”

लीनाच्या तोंडून श्वास सुटला तो सगळ्यांना ऐकू आला. इथे भागूबाई थांबली असती तर तिचं सगळं साजरं झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मालिशचा डाग धुतला गेला होता, खरं उत्तर देऊन झालं होतं, आणि पोराचं ऑपरेशनही बहुतेक टळलं होतं. पण डॉक्टर थांबल्या नाहीत.

“नंतर म्हणजे कधी? आणि त्याआधी काही वेगळं जाणवलं होतं का तुम्हाला?”

भागूबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. ओम लीनाच्या मांडीवर उजवीकडे बघत बसला होता.

“सव्वा म्हैन्याचा हुता तवा मान डावीकडं वळंना त्याची. मानंत गाठ लागली हुती, शेंगदान्याएवढी. डावीकडं. मग गाठ गेली. मान न्हाई सुटली. त्या कुशीवरच निजायचा. मग डोकं बसाय लागलं.”

“हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“व्हय.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?” सुरेखाबाई उठूनच उभ्या राहिल्या. “रोज माझ्यासमोर चहा घेत होतात! रोज! आणि एका शब्दानं बोलला नाहीत?”

“न्हाई बोलले.” भागूबाईचा आवाज चढला, कारण रागही होताच तिच्यात. “बाई, तुमीच दारात सांगितलं हुतं, बाळंतिनीच्या खोलीत वंगाळ बोलायचं न्हाई. माझ्या ध्यानात हाय. तुमच्या बी आसंल.” सुरेखाबाई परत खुर्चीत बसल्या. भागूबाईचा आवाज मग आपोआप खाली आला. “पर सव्वा म्हैना सरला, त्याच्यावर आनखी तीन गेले. तरी बी न्हाई बोलले. बोललं की काम जातं, ते मला म्हाईत हुतं. म्हनून न्हाई बोलले. ती चूक माझीच हाय.”

लीना भागूबाईकडे बघत होती, आणि त्या नजरेपेक्षा सुरेखाबाईंचं ओरडणं परवडलं असतं.

“दाखवा मला,” डॉक्टर म्हणाल्या. “मागच्या वेळी हा इतका रडत होता की मान धडपणे तपासताच आली नाही.”

खुर्चीत बसून पोर कसं दाखवणार? भागूबाई सरळ फरशीवर बसली, पाय लांब केले आणि हात पुढे केले. लीना क्षणभर हलली नाही. मग तिने ओमला त्या पायांवर ठेवलं. ओळखीच्या नडग्या लागल्यावर पोराने अंग सैल सोडलं आणि मूठ तोंडात घातली. डॉक्टर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. भागूबाईने दोन बोटांनी जागा दाखवली, डॉक्टरांनी तिथे आपलं बोट ठेवलं, मान हळूहळू डावीकडे नेली, आणि ती अर्ध्यावर अडली. मग त्यांनी दोन्ही कानांमागे बराच वेळ बोटं फिरवली, पोराच्या डोक्यावरून वाकून पाहिलं, उजवा कान डाव्यापेक्षा किती पुढे सरकलाय ते मोजलं.

“हाडं मोकळी आहेत,” शेवटी त्या म्हणाल्या. “मानेचा स्नायू आखडलेला आहे, त्यामुळे एकाच बाजूला झोपत राहिला. गोष्ट सगळी जुळतेय. स्कॅन आत्ता नको. आजच हेल्मेट ठरवा, मानेचा व्यायाम उद्यापासून सुरू करा.”

लीना रडायला लागली. राजसने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “हे दीड महिन्याचा असताना कळलं असतं तर?”

डॉक्टरांनी भागूबाईकडे पाहिलं, पण खोटं बोलल्या नाहीत. “तर नुसत्या व्यायामावर भागलं असतं. हेल्मेट कदाचित लागलंच नसतं.”

भागूबाई अजून फरशीवरच होती. पोर तिच्या पायांवरून उचलून नेलं तरी तिने पाय जवळ घेतले नाहीत.

हेल्मेट बसवणारा तरुण आला आणि समजावून सांगू लागला. दिवसाचे तेवीस तास डोक्यावर ठेवायचं, एक तास काढायचं. त्या तासात आंघोळ, हेल्मेट पुसणं, मानेचा व्यायाम. डोक्याला तेल अजिबात नाही, थेंबही नाही. आणि रोज डोकं नीट बघायचं, हात फिरवून. कुठे लाल झालं आणि सांगायचं राहिलं तर दोन दिवसांत जखम होते. राजसला निळं, रॉकेटवालं आवडलं. जाड आहे, पडला-झडला तरी डोकं सुरक्षित राहील, असं त्याचं म्हणणं. लीनाने मान डोलावली. तो तरुण लिहून घेणार इतक्यात खालून आवाज आला.

“त्ये नगा घेऊ.”

सगळे वळले. भागूबाई भिंतीला धरून उठत होती. इतके महिने गप्प बसल्याचं काय झालं ते तिने आत्ताच पाहिलं होतं. आता कुणी विचारण्याची वाट ती बघणार नव्हती.

“ह्याला मानंला लई घाम येतो. आंगडं भिजतं दुपारी. आता चैत-वैशाख हाय, नगरचं ऊन हाय. ह्ये जाड टोपडं मागून मानंपतूर येतंय. आत घाम धरंल, कातडं सोलून निघंल. त्ये पांढरं घ्या. वरून मोकळं हाय.”

“बरोबर आहे त्यांचं,” तरुण म्हणाला. “घाम जास्त येत असेल तर हेच बरं.”

लीनाने पांढरं हेल्मेट उचललं, आतून अंगठा फिरवून पाहिला. “हेच द्या,” ती म्हणाली. भागूबाईकडे तिने पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर केडगावात तिला कोपऱ्यावर सोडलं. आठवड्याभरात सोसायटीला सगळं कळलं: बाईला आधीच माहीत होतं आणि तिने लपवलं. या वेळी बातमी खरी होती, त्यामुळे भागूबाईला कुणाला काही सांगता आलं नाही. उरलेल्यांतलं एक घर गेलं. आरती म्हणाली, “सांगितलं हुतं मी.” भागूबाई म्हणाली, “सांगितलं हुतंस.” एवढ्यावर विषय संपला.

हेल्मेट तयार होऊन आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाबाई तिच्या दारात आल्या. एकट्याच, चालत. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

“ते काढलं की पोराला पाण्याखाली धरायला लीना घाबरते,” त्या म्हणाल्या. “मान वळवायला गेलं तर रडून गोंधळ घालतो. माझ्याच्यानं तर होतच नाही. रोज एक तास. याल?”

“लीनाताई काय म्हनत्यात?”

“तिनंच पाठवलंय.”

न्हाणीघर तसंच होतं. धुरीची वाटी तेवढी नव्हती. भागूबाईने पाय लांब केले आणि लीनाने पट्टा सोडून ते पांढरं टोपडं काढलं, ओमला तिच्या पायांवर ठेवलं. सवयीने भागूबाईचा उजवा हात बाजूला, तेलाच्या वाटीकडे गेला. तिथे वाटी नव्हती. हात रिकामाच परत आला. तिने तो कोमट पाण्यात बुडवला आणि पोराच्या उघड्या डोक्यावर ठेवला.

सुरेखाबाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी घसा साफ केला.

“भागूबाई, हाताला जे लागेल ते सांगा. वंगाळ असलं तरी सांगा.”

भागूबाईचा अंगठा उजव्या कानामागे थांबला. तिने केस बाजूला केले आणि वाकून पाहिलं.

“हितं लाल झालंय,” ती म्हणाली. “कड टोचतीया. कातडं गरम लागतंय. आजच फोन लावा त्यास्नी, उद्यावर ढकलू नगा.”

लीना हात पुसत फोन आणायला धावली. भागूबाईने पोराची हनुवटी दोन बोटांवर घेतली, मान हळूहळू डावीकडे नेली, जिथे अडली तिथे थांबली, आणि ते किती अडतं तेही मोठ्याने सांगितलं.